भावाने दगा दिला आणि प्लेअरला काहीच वाटलं नाही, असं का होतं?

प्रश्न असा आलाय: "दादा, आम्ही तिघं मिळून छोटा स्टोरी गेम करतोय. दोन भाऊ आहेत, गादी मोठ्याला मिळणार असते, धाकटा त्याला फसवून हाकलून देतो. प्लेअर म्हणजे मोठा भाऊ. दहा-बारा जणांना खेळायला दिला तर सगळे म्हणाले धाकटाच व्हिलन निघणार हे पहिल्या सीनलाच कळलं होतं, आणि दगा झाल्यावर कोणाला काही वाटलंच नाही. ट्विस्ट अजून लपवायचा का? आणि शेवटी धाकट्याला मारायचं की माफ करायचं हे प्लेअरवर सोडू का?"

आधी सरळ उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. ट्विस्ट लपवून काही होणार नाही. दोन भाऊ आणि एक गादी म्हटल्यावर पुढे काय होणार हे कुणालाही कळतं, आणि मराठी माणसाला तर जरा जास्तच, आपल्याकडे त्यासाठी भाऊबंदकी असा तयार शब्द आहे, सातबाऱ्यावर दोन सख्ख्या भावांची नावं दिसली की तलाठ्याच्या आधी गावाला कळतं पुढचा सीन कुठल्या कोर्टात आहे. कळलं तर कळू दे. तुझा प्रॉब्लेम वेगळाच आहे, तुझ्या गेममध्ये दगा त्या मोठ्या भावाला होतोय, खेळणाऱ्याला होतच नाहीये. खेळणारा पॉपकॉर्न खात बघतोय. गेममध्ये भावाचा दगा प्लेअरच्या हातून व्हावा लागतो, त्याने स्वतः बटण दाबून त्यात हातभार लावलेला असावा लागतो, तरच तो पोटात जातो. हे मी चौदा वर्षं गेमच्या गोष्टी लिहून आणि त्यातल्या निम्म्या पाडून शिकलोय.

म्हणजे काय ते तीन-चार गेम घेऊन सांगतो. स्पॉयलर सगळीकडे आहेत, आधीच सांगतोय, नंतर शिव्या घालू नको.

तुझ्या गोष्टीच्या सगळ्यात जवळचा गेम म्हणजे ड्रॅगन एज: ओरिजिन्स, बायोवेअरचा, २००९ चा. त्यात सुरुवात करायचे सहा वेगवेगळे मार्ग आहेत आणि त्यातला एक म्हणजे बुटक्यांच्या राजघराण्यातला. ऑरझामार नावाचं जमिनीखालचं शहर, राजा एंड्रिन एडुकन, त्याला तीन मुलं. थोरला ट्रायन, मधला तू, धाकटा बेलेन. आता ही मांडणी नीट बघ कारण सगळी गंमत इथेच आहे. तुझ्या गेममध्ये दोनच भाऊ आहेत म्हणून संशय घ्यायला एकच माणूस उरतो. इथे तीन आहेत, आणि जो थोरला आहे तो इतका खडूस आहे की काय सांगू, भेटला की झापतो, बापाजवळ असायचं सोडून बाजारात काय करतोयस म्हणून चारचौघात सुनावतो. बेलेन त्याच्या मागे गुपचूप उभा. नम्र. गोड बोलतो. म्हणजे लेखकांनी व्हिलनसारखा दिसणारा भाऊ तुझ्यापुढे आणून ठेवलाय आणि खरा त्याच्या सावलीत उभा केलाय, आणि हे सगळं पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत.

त्यात त्यांची गादी सरळ थोरल्याला जात नाही. सरदारांची सभा राजा निवडते, आणि तू लोकांत लाडका आहेस, तुझ्या सन्मानार्थ आखाड्यात लढती चालल्यात, बाप तुला पहिल्यांदाच सैन्याची कामगिरी देणार आहे. मग बेलेन येऊन हळूच सांगतो, की ट्रायन तुला मारायच्या बेतात आहे, त्याला भीती आहे की सभा त्याच्याऐवजी तुला निवडेल. आणि गेम तुला विचारतो, काय करायचं? ट्रायनने हात उचलायच्या आत आपणच त्याला उडवायचा, की गप्प राहायचं?

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा हो म्हणालो. लाज वाटायला हवी होती पण वाटली नाही, कारण त्या ट्रायनने मला बाजारात झापलं होतं ना! बघ, एवढंसं कारण पुरतं माणसाला. पुढे डीप रोड्समध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या पडक्या बोगद्यांमध्ये, पूर्वजाची ढाल शोधायला जायचं असतं, तिथे आधीच भाडोत्री गुंड येऊन बसलेले असतात आणि त्यांच्या म्होरक्याकडे सापडते ट्रायनची राजमुद्रेची अंगठी. झालं, पुरावा मिळाला. माझं रक्तच तापलं. परत येताना वाटेत ट्रायन माणसं घेऊन उभा, भांडण होतं, मी त्याला मारतो, आणि प्रेत अजून गरम आहे तोवर बेलेन बापाला आणि त्याच्या विश्वासू सरदाराला, लॉर्ड हॅरोमाँटला, घेऊन हजर. बघा बाबा, याने काय केलं. जो साथीदार दिवसभर माझ्याबरोबर लढला तो फ्रँडलिन आयव्हो बेलेनच्या बाजूने साक्ष देतो, आणि माझा एकटा इमानी माणूस गोरिम खरं सांगतो तर त्याचं कोणी ऐकत नाही, कारण तो माझाच माणूस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तो केस मीच वळून दिला होता.

आता खरी कारागिरी. मी नंतर परत खेळलो आणि या वेळी साधू बनलो, म्हटलं नाही मारणार भावाला, जे होईल ते होईल. तर परत येताना ट्रायन आधीच मरून पडलेला असतो. आरोप तोच, साक्षीदार तोच, शिक्षा तीच. म्हणजे कागदावर बघशील तर त्या निवडीने कथेत काहीच फरक पडत नाही, आणि आपल्या धंद्यातले बरेच लोक अशा निवडीला फसवी म्हणून नाक मुरडतात. मला उलट वाटतं की आख्ख्या गेममधली ती सगळ्यात खरी निवड आहे. पहिल्यांदा मला अंधारकोठडीत टाकलं तेव्हा मी अर्धा गुन्हेगार होतो, आतून कुठेतरी बरोबरच आहे असं वाटत होतं. दुसऱ्यांदा मी शंभर टक्के निर्दोष होतो आणि इतका संतापलो की रात्री दोनला कंट्रोलर गादीवर आपटला, बायको उठून बसली. शिक्षा एकच आणि ती भोगणारी माणसं दोन. फरक प्लेअरमध्ये पडला पाहिजे, कथेत पडला नाही तरी चालतं. तीन जणांच्या टीमला तर हे सोन्यासारखं आहे, दोन वेगळे शेवट बनवायचा खर्चच नाही.

पण बेलेन मला आजही आठवतो तो त्याने दगा दिला म्हणून नाही. पुढे ग्रे वॉर्डन, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या योद्ध्यांच्या पथकातला, होऊन तू परत ऑरझामारला येतोस, बाप मेलेला, गादी रिकामी, आणि हॅरोमाँट की बेलेन हे ठरवणं तुझ्या हातात येतं. हॅरोमाँट सज्जन, जुन्या वळणाचा, बापाचा विश्वासू. सूड घ्यायची आयती संधी. मी बिनधास्त हॅरोमाँटला बसवला, बेलेन तलवार काढून अंगावर आला, मारला, जिवाला थंड वाटलं. आणि मग शेवटी कोणाचं पुढे काय झालं ते सांगणाऱ्या पाट्या येतात ना, त्यात कळतं की हॅरोमाँटने शहराची दारं बाहेरच्यांना बंद केली, जातीची बंधनं आणखी आवळली. आणि बेलेनला बसवलं असतं तर? तो हॅरोमाँटला मृत्युदंड देतो, सभा मोडीत काढून हुकूमशहासारखा वागतो, हे सगळं आहेच, पण जातीबाहेर टाकलेल्या लोकांना थोडा श्वास मिळतो, वरच्या जगाशी व्यापार वाढतो. भावाचा गळा कापणारा माणूस राजा म्हणून बरा निघतो. मला अजून ठरवता आलेलं नाही की मी काय करायला हवं होतं.

आणि अजून एक. त्याच गेममध्ये तू राजपुत्राऐवजी त्या जातीबाहेरच्या वस्तीतला बुटका म्हणून सुरुवात केलीस, तर तुझ्या बहिणीला, रिकाला, याच बेलेनने जवळ केलेलं असतं, तिला त्याच्यापासून मुलगा होतो, ती राजवाड्यात राहायला जाते, तुझ्या घराचे दिवस फिरतात. तोच बेलेन. पण तुझ्यासाठी तो भावोजी, घर वर काढणारा. लेखकांनी त्याला कुठेच बदललेला नाही, फक्त तू कुठून बघतोस ते बदललं. तुझ्या धाकट्याबद्दल मला एवढंच विचारायचंय की तुझ्या गेममध्ये असं एक तरी माणूस आहे का ज्याच्यासाठी तो देव आहे? घरातली म्हातारी मोलकरीण असू दे, तबेल्यातला पोरगा असू दे. नसेल तर तो भाऊ नाहीये, तो तिसऱ्या लेव्हलचा बॉस आहे.

आता दुसरा प्रकार, भाऊ खोटं बोलतो पण वैरी नाही. अनचार्टेड ४, नॉटी डॉगचा, २०१६. नेथन ड्रेकचा थोरला भाऊ सॅम पनामाच्या तुरुंगातून पळताना गोळी लागून मेला असं पंधरा वर्षं वाटत असतं. तो एक दिवस दारात उभा. म्हणतो मी वाचलो, आत खितपत पडलो होतो, हेक्टर अल्काझार नावाच्या ड्रग माफियाने तुरुंग फोडला, मला बरोबर काढलं आणि आता तीन महिन्यांत समुद्री चाचा हेन्री एव्हरीचा खजिना शोधून दे नाहीतर मारीन म्हणतोय. नेथन सगळं सोडून दिलेला माणूस, न्यू ऑर्लिन्समध्ये बुडालेल्या जहाजांमधला माल काढायची सरळ नोकरी करतोय, तरी भावासाठी निघतो. बायकोला, एलेनाला, सांगतो मलेशियाला कामाला चाललोय.

यात त्यांनी काय केलंय बघ. तो तुरुंग फोडण्याचा प्रसंग सॅम नुसता सांगत नाही, तो तू खेळतोस. सॅम बनून. कोठडीतून बाहेर पडतोस, अल्काझारच्या मागे धावतोस, गोळ्या झाडतोस. खेळून झाल्यावर ती गोष्ट खरी असणारच, कारण तू स्वतः तिथे होतास की! आणि मग कितीतरी तासांनी रेफ नावाचा माणूस बंदूक रोखून हसत हसत सांगतो की अल्काझार तर सहा महिन्यांपूर्वीच अर्जेंटिनात मेला, सॅमला पैसे चारून दोन वर्षांपूर्वी तुरुंगातून मीच काढला. म्हणजे तू खेळलेला तो आख्खा प्रसंग घडलाच नव्हता. भावाने नेथनला फसवलं आणि गेमने तुला फसवलं, एकाच खोट्याने. फ्लॅशबॅक खोटा असू शकतो हे आपल्या डोक्यात येतच नाही कारण बटणं आपण दाबलेली असतात. हे मला इतकं आवडलं होतं की त्या वेळी चालू असलेल्या आमच्या प्रोजेक्टमध्ये मी लगेच ढापायला निघालो होतो, प्रोड्यूसरने बजेट दाखवलं आणि गप्प बसलो.

आणि राग येतो तोसुद्धा पूर्ण येत नाही. कारण तोवर नेथनचं मलेशियाचं खोटं मादागास्करमध्ये पकडलं गेलेलं असतं, एलेना हॉटेलच्या खोलीत समोर उभी राहिलेली असते, आणि तू नेथनच्या बाजूने बसून ती मान खाली घालायची वेळ भोगलेली असते. मग सॅमला कुठल्या तोंडाने बोलणार? शिवाय आख्खा गेमभर तू आणि सॅम एकमेकांना भिंतीवर चढवत आलेला असता, एकाने हाताची पायरी करायची, दुसऱ्याने वर जाऊन हात द्यायचा, शंभरदा. कंटाळा येतो कधी कधी. पण तो कंटाळाच नातं आहे रे, सख्ख्या भावाशी तरी आपलं दुसरं काय असतं.

सॅमबद्दल एक धंद्यातली गोष्ट. गेम बनवताना मधेच टीमची सूत्रं बदलली, सुरुवातीच्या आराखड्यात सॅम सरळसरळ विरोधक म्हणून होता, नट पण वेगळा होता, टॉड स्टॅशविक. नंतर ती भूमिका ट्रॉय बेकरकडे गेली आणि सॅम हा खोटारडा पण जीव लावणारा भाऊ झाला. म्हणजे एवढ्या मोठ्या लोकांचा पण पहिला ड्राफ्ट भाऊ म्हणजे व्हिलन असाच होता. तुझाही तसाच असेल तर मनाला लावून घेऊ नको.

जीटीए ४ चं एक मिशन मात्र मुद्दाम खेळून बघ, ब्लड ब्रदर्स, गेम २००८ चा. मॅक्रीरी म्हणून आयरिश कुटुंब, त्यात फ्रान्सिस पोलिसात मोठा अधिकारी आणि आतून सडका, डेरिक व्यसनात बुडालेला. फ्रान्सिस निको नावाच्या तुझ्या पात्राला सांगतो डेरिकला संपव. डेरिक फोन करून म्हणतो फ्रान्सिसला संपव. दोघं पार्कात बाकावर शेजारी शेजारी बसलेत आणि तू लांबून उंचावरून रायफलच्या दुर्बिणीतून बघतोयस. ऐकू काही येत नाही. मेन्यू येत नाही, पर्याय अ पर्याय ब असलं काही नाही, दुर्बीण ज्याच्यावर थांबवशील तो मरतो. आणि पुढे त्याच्याच अंत्ययात्रेला जावं लागतं, शवपेटीची गाडी तूच चालवतोस, आणि त्यांचा धाकटा भाऊ पॅकी, जो तुझा दोस्त आहे, त्याला काही माहीत नसतं. तिथे गोळीबार होतो, पळापळ होते, मागे पेटी हिंदकळत असते. मी कितीदातरी गाडी सावकाश चालवायचा प्रयत्न केलाय त्यात, कशाला कोण जाणे.

डेव्हिल मे क्रायबद्दल लोक विचारतील म्हणून दोन ओळी, २००५ च्या तिसऱ्या भागात दांते आणि व्हर्जिल या जुळ्या भावांची तीन वेळा लढाई आहे आणि शेवटाकडे एकदा तोच व्हर्जिल शेजारी उभा राहून तुझ्याबरोबर लढतो. तिथे संवाद टपोरी आहेत, सोडून दे, पण पहिल्या लढाईत जो हात धुऊन मागे लागला होता त्याच्याच तलवारीचा आधार वाटायला लागतो तेव्हा भावकी म्हणजे काय ते कळतं. आणि १९९८ चा मेटल गिअर सॉलिड, त्यात लिक्विड आणि स्नेक हे भाऊ, लिक्विड आयुष्यभर समजत असतो की चांगली जनुकं स्नेकला मिळाली आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं आलं, सगळा जळफळाट त्यावर. श्रेयनामावली संपल्यावरच्या एका फोनमध्ये कळतं की होतं उलटंच. बापाने वाटणी काय केली हे नीट न कळताच भांडत बसलेले भाऊ, हे तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे.

आता माझी फजिती ऐक कारण तुझ्या कामाची तीच आहे. माझ्या पहिल्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये असाच धाकटा भाऊ होता, मी त्याला सहा कटसीन, म्हणजे खेळ थांबवून नुसते बघायचे प्रसंग, दिले होते, लहानपणची नदी, आजीच्या हातचं जेवण, सगळं. टेस्टिंगला पोरं सीन स्किप करत होती. दगा झाला, संगीत वाजलं, भावाने कट्यार काढली, आणि एक पोरगी मागे वळून मला विचारते, "याची हेल्थ किती आहे?" मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. मग आमच्या डिझायनरने सहज म्हणून एक केलं. थैलीत जागा कमी पडते अशी सगळ्यांची तक्रार होती, तर जास्तीचं सामान भावाकडे ठेवायची सोय केली. बस, एवढंच. आणि दगा झाला की भाऊ अर्थातच सगळं घेऊन जातो. पुढच्या टेस्टला एक मुलगा खुर्चीतून उभाच राहिला, "अरे माझी सगळी औषधं त्याच्याकडे आहेत, घेऊन गेला साला!" आणि मग जरा वेळाने, हळू आवाजात, "मीच दिली होती रे त्याला." ते दुसरं वाक्य मला सहा कटसीनमधून नाही काढता आलं. नदीचा सीन आम्ही नंतर काढूनच टाकला, कोणाला पत्ता लागला नाही.

तर तुझ्या गेममध्ये पहिलं हे बघ की धाकटा खेळताना काय कामाला येतो. दार उघडतो? दिवा धरतो? तू पडलास की उचलतो? त्याच्याशिवाय खेळणं जड गेलं पाहिजे, आणि दग्यानंतर ती जागा रिकामी ठेव, दुसरा सोबती आणून भरू नको, निदान तासभर तरी प्लेअरला अंधारात चाचपडू दे. दुसरं, फसवणुकीत प्लेअरचा एक तरी होकार घे. शिक्का त्याला मारायला लाव, किल्ली त्याच्या हातून द्यायला लाव, "हो, तू जा पुढे" हे त्याच्याकडून म्हणवून घे. आणि धाकट्याला त्याचं म्हणणं दे, खरंखुरं, म्हणजे वकिलाने मांडावं तसं. तुझ्या मोठ्या भावाला गादी मिळतेय ती का, आधी जन्मला म्हणून? मग धाकट्याने काय म्हणून गप्प बसायचं? यावर तुझ्या टीममध्ये भांडण झालं तर समज बरोबर चाललंय. लहानपणी बापाने मारलं म्हणून वाईट झाला वगैरे लिहू नको प्लीज, त्याने कोणाचंच समाधान होत नाही.

मारायचं की माफ करायचं, हे प्लेअरवर सोड, पण दोन मोठी बटणं पडद्यावर आणून नको. आणि कुठल्याही बाजूला बक्षीस ठेवू नको, माफ केलं म्हणून चांगली तलवार आणि मारलं म्हणून काळे कपडे हे प्रकार बघितले की प्लेअर लगेच हिशोबाला बसतो आणि भाऊ राहतो बाजूला. मी असतो तर एवढंच केलं असतं की धाकटा जखमी पडलाय, त्याचं ते जुनं काम, तू पडल्यावर उचलायचं, ते बटण तुझ्याकडे अजून आहे. कुठे लिहायचं नाही की दाब. काही जण दाबतील, काही चालायला लागतील, आणि काहींना बाहेर पडल्यावर लक्षात येईल की अरे, दाबता आलं असतं.

बिल्ड, म्हणजे खेळता येईल अशी प्रत, झाला की पाठव, बघतो. फक्त पहिला अर्धा तास पाठव, दग्याचा भाग नको, मला आधी बघायचंय की त्या पोरावर जीव जडतो का.